कशावरूनबाई आणि बावीस सेकंदांची खाडी

मुलांनी आपल्याला काय नाव ठेवलंय हे शालूबाईंना ठाऊक होतं, आणि मनातून ते त्यांना आवडायचंही. कशावरूनबाई. वर्गात कोणी काही ठासून सांगितलं की बाई हातातला खडू टेबलावर ठेवत, मान जराशी कलती करत आणि विचारत, "कशावरून?" त्यात राग नसायचा, चेष्टाही नसायची. समोरच्याला खरंच काहीतरी माहीत आहे आणि ते आपल्यालाही कळावं, इतकंच त्या आवाजात असायचं.

हा शब्द मुळात त्यांचा नव्हता. किनाऱ्यावरच्या चिंचणीच्या शाळेत त्या शिकत होत्या तेव्हा धर्माजी गुरुजी गणित शिकवायचे. उत्तर बरोबर आलं तरी गुरुजी वहीच्या कडेला बारीक अक्षरात 'कशावरून?' लिहून वही परत करायचे. रीत दाखवल्याशिवाय गुण नाहीत. शालूबाई पुढे शिक्षिका झाल्या, भूगोल शिकवू लागल्या, केस पांढरे झाले. गुरुजींचा शब्द मात्र त्यांच्याजवळ तसाच राहिला.

मागच्या वर्षी, आठवीत असताना, मेहुलने प्रकल्पात लिहून आणलं, की चिकूच्या झाडाला बारा वर्षांतून एकदा फुलं येतात. मेहुल बोईसरचा, वडील कारखान्यात, घर तिसऱ्या मजल्यावर.

"कशावरून रे?"

"बाई, नेटवर आहे. फोटोपण आहे."

बाईंनी खडू ठेवला. सगळा वर्ग घेऊन त्या शाळेच्या कुंपणापलीकडच्या चिकूच्या वाडीत गेल्या. एकाच फांदीवर फूल होतं, बोराएवढं फळ होतं आणि काढायला आलेला चिकूही होता. मेहुलने फांदी वाकवून बघितली आणि गंभीरपणे म्हणाला, "बाई, नेटला कोणीतरी सांगायला पाहिजे." पोरं हसून हसून लोळली. पण बाईंच्या मनातून ते वाक्य जाईना. त्यांनी मुख्याध्यापकांकडून शनिवारचा शेवटचा तास मागून घेतला. वेळापत्रकात त्याचं नाव कार्यानुभव, मुलांच्या तोंडी 'कशावरूनचा तास'. भिंतीवर एक पुठ्ठा लागला: कोण सांगतंय? त्याला कसं कळलं? कधीचं आहे? आणखी कोण सांगतंय?

असं वर्षभर शिकवणाऱ्या बाईंनी दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी, मधल्या सुट्टीत, डबा उघडता उघडता, स्वतःच तो पुठ्ठा विसरावा, हे त्यांना पुढे कितीतरी दिवस खरं वाटत नव्हतं.

गुरुजींचा मेसेज आला होता. बावीस सेकंदांचा व्हिडिओ. किनाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच, लोक नाकाला फडकं लावून उभे. खाली लिहिलेलं: 'आज सकाळी. आपल्या खाडीतले मासे मेले. आठ दिवस मासे खाऊ नका.'  शाळेच्या वसतिगृहातल्या मुलांना आठवड्यातून एकदा मासे मिळतात, हे बाईंना सगळ्यात आधी आठवलं. त्यांनी व्हिडिओ नववीच्या पालकांच्या ग्रुपवर पाठवला, वर स्वतःची एक ओळही जोडली: 'पालकांनी कृपया काळजी घ्यावी.' मग डबा खाल्ला.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ वाणगावपर्यंत आणि बोईसरपर्यंत पोचला होता. आता त्याच्यासोबत आणखी एक वाक्य फिरत होतं: 'शाळेच्या बाईंनी पाठवलंय.'

बुधवार आणि रविवार हे मैनाबाईंचे वार. बावीस वर्षं त्या शालूबाईंच्या फाटकाशी माशांची पाटी उतरवून हाक मारत आल्या होत्या. त्या रविवारी हाक आली नाही. अकरा वाजले तेव्हा बाईंचे यजमान नीलेश वाडीतून हात धूत आले.

"आज बोंबील नाहीत वाटतं?"

"आपणच नको म्हणून सांगितलंय ना गावाला," बाई म्हणाल्या.

"आपण? मी कुठे काय सांगितलं? मी तर चिकू उतरवत होतो."

बाई पिशवी घेऊन निघाल्या. बाजारात कोळणींच्या ओट्यावर एरवी पाय ठेवायला जागा नसते. आज माश्या होत्या, बर्फ वितळत होता आणि पाट्या भरलेल्या होत्या. मैनाबाई बोंबलांवर पाणी मारत बसल्या होत्या. बोंबील नरम पडायला लागले होते. त्यांनी वर बघितलंच नाही.

"मैनाबाई, आज आला नाहीत?"

"कशाला येऊ? तुमी सांगितलंत ना मासा खाऊ नका. मग पाटीत काय बघताव?"

शेजारची ठकी पदरात हसली. "बाई तपासायला आल्या असतील गं, मासा मेला हाय का जित्ता हाय ते."

"मला गुरुजींनी पाठवलं होतं, मैनाबाई. धर्माजी गुरुजींनी."

आता मात्र मैनाबाईंनी मान वर केली. "गुरुजी बोट घेऊन गेलते काय बघायला?"

बाईंनी नुसती पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"माजं गिऱ्हाईक एक बोंबील घेतं ना, तरी मला इचारतं. कोणच्या बोटीचा, कवा उतरला, बर्फात किती दिस. कल्ला उघडून बघतं. तुमी शाळा शिकवताव. तुमी एकाला तरी इचारलंत?" त्यांनी पुन्हा तांब्या बुचकळला. "माजी नात तुमच्या वर्गात हाय. घरी येऊन सारखं कशावरून, कशावरून करते. मी म्हनायची, चांगलं शिकवतात. जावा आता. तुमच्या घरचा वार मी बंद केला."

बाई रिकामी पिशवी घेऊन घरी आल्या. वार बंद होणं म्हणजे नुसता मासा बंद होणं नव्हे. मैनाबाई फाटकाशी बसून चहा घ्यायच्या, गावातलं लग्न, आजारपण, समुद्राचा मूड, सगळं त्यांच्याकडून कळायचं. शालूबाईंची सासू गेली तेव्हा तेराव्यापर्यंत रोज येऊन बसणारी हीच बाई होती.

"माफी माग आणि सोडून दे," नीलेश म्हणाले.

"माफी कशाची मागू? व्हिडिओ खोटा आहे हे तरी मला कुठे माहीत आहे? खरा आहे हेही माहीत नव्हतं. मला काहीच माहीत नाही, हो."

सोमवारी त्यांनी भूगोलाचा तास बाजूला ठेवला आणि नववीला संगणकाच्या खोलीत नेलं. पडद्यावर तो मेसेज लावला. अगदी वर पाठवणाऱ्याचं नाव होतं.

"आज हा तपासायचा. पहिला प्रश्न, कोण सांगतंय?"

मुलं एकमेकांकडे बघू लागली. शेवटी पहिल्या बाकावरची दीपिका, मैनाबाईंची नात, खाली बघत म्हणाली, "बाई, तुमी."

"बरोबर. मला कसं कळलं?"

"...ठावं नाय, बाई."

"मलाही नाही. म्हणून तर बसलोय. बघा, काय दिसतं ते सांगा. काय वाटतं ते नंतर."

व्हिडिओ एकदा लागला, दोनदा लागला, दहा वेळा लागला. आधी मुलांचे चेहरे कसनुसे झाले होते. पाचव्या वेळेला ती खुर्च्यांवरून पुढे सरकली. दीपिकाने एके ठिकाणी हात वर केला. "बाई, थांबवा. ती मागची बोट बघा. तिची नाळ बघा कशी हाय. अशी बोट आमच्याकडं नाय." बोटीचं पुढचं टोक तिने हवेत बोटाने काढून दाखवलं. "अन् नंबर. आमच्या बोटीवर एमएच असतंय. हितं जाळ्याखालनं राज्याचं पहिलं अक्षर दिसतंय. ते एम नाय."

"पक्कं?"

"एमला दोन टेकाडं असतात, बाई."

"गुजरातची बोट आपल्या किनाऱ्याला लागू शकते की," मागून कोणीतरी म्हणालं.

"लागू शकते," बाई म्हणाल्या. फळ्यावर त्यांनी लिहिलं, 'बोट बाहेरची.' पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

"रेती पिवळी हाय. आमची काळपट," आणखी कोणीतरी म्हणालं.

"अन् खाडीतला मासा म्हनतात, तर ह्यात बोय मासा एक नाय," दीपिका म्हणाली. "खाडीत बोय पयला असतो. हा मासा मी आजीच्या पाटीत कवाच बघितला नाय. आजीला दाखवायचा व्हता, पण ती फोन हातात घेत नाय. म्हनते, त्या व्हिडिओचं तोंड बघायचं नाय मला."

वसतिगृहातला अंकुश कधी बोलायचा नाही. डोंगराकडच्या पाड्यावरचा मुलगा. समुद्र त्याने पहिल्यांदा बघितला तो पाचवीत, शाळेत आल्यावर. पहिले कितीतरी दिवस तो संध्याकाळी किनाऱ्यावर नुसता बसायचा. आज तो उभा राहिला.

"बाई, सूर्य समुद्रावर हाय."

"मग?"

"सकाळी सूर्य आमच्या डोंगरातून निघतो. समुद्रात बुडतो संध्याकाळी. हितं लिवलंय सकाळी."

 बाई पडद्याजवळ जाऊन सूर्याकडे बघू लागल्या. भूगोल शिकवायला लागून त्यांना सत्तावीस वर्षं झाली होती.

"संध्याकाळचा असेल," मेहुल म्हणाला.

"मग सकाळ कोणी लिवलं?" अंकुशने विचारलं.

"म्हणजे वेळ खोटी नाहीतर जागा खोटी," बाई सावकाश म्हणाल्या. "कोणती, ते अजून कळलं नाही. मेहुल, तुझं काम."

मेहुलने व्हिडिओतलं एक चित्र थांबवून उचललं आणि नेटवर तसंच चित्र शोधायला लावलं. पहिल्या खेपेला भलतंच आलं, कुठल्याशा हॉटेलातली मच्छी करी. दुसऱ्या खेपेलाही काही नाही. तिसऱ्यांदा त्याने निळं पिंप आणि लाल पंचा नेसलेला माणूस असलेलं चित्र घेतलं. एका वृत्तवाहिनीच्या बातमीचं पान उघडलं. तोच किनारा. पूर्वेकडच्या एका राज्यातला, सूर्य समुद्रातून उगवतो तिथला. तारीख तीन वर्षांपूर्वीची.

"सापडलं!" पोरं ओरडली.

"तोच कशावरून?" बाईंनी विचारलं आणि सगळा वर्ग कण्हला. मग पोरं दोन्ही चित्रं शेजारी लावून बसली. आडवं पडलेलं निळं पिंप, त्याच्यावरचा पोचा, लाल पंचा, मागची बोट. त्याच वाहिनीचं दुसरं पान, मग दुसऱ्याच वर्तमानपत्राचं. तास संपल्याची घंटा झाली ती कोणाला ऐकू आली नाही.

व्हिडिओ इथला नव्हता. पण मग तो 'आपल्या खाडीतला' केला कोणी? तेवढं समजल्याशिवाय बाईंना चैन पडेना. शाळा सुटल्यावर त्या थेट गुरुजींकडे गेल्या.

धर्माजी गुरुजी ओटीवर भिंग घेऊन पेपर वाचत होते. ऐंशी ओलांडलेली. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"म्हणजे मी तुला चुकीचं पाठवलं, शालू."

"मीही पुढे पाठवलं, गुरुजी."

"तू का पाठवलंस?"

 "तुम्ही पाठवलंत म्हणून."

 गुरुजींच्या तोंडावर हळूच हसू आलं, पण ते फारसं आनंदाचं नव्हतं. "चाळीस वर्षांपूर्वी हे उत्तर वहीत लिहिलं असतंस, तर शून्य दिलं असतं." त्यांनी फोन बाईंपुढे सरकवला. "मला सुजीतने पाठवलं. म्हटलं, पोरगा रिक्षा चालवतो, दिवसभर फिरतो, त्याला खबर असणार."

सुजीत गुरुजींचा पुतण्या. बोईसर स्टेशनबाहेर त्याची रिक्षा असते. फोनवर तो आधी सांगायला तयार होईना. मग म्हणाला, "बाई, मला स्वातीकडून आला. माझ्या बायकोची मैत्रीण, कोळीवाड्यातली. कोळीवाड्यातून आलं म्हटल्यावर खरंच असणार ना? म्हणून मी खाली लिहिलं, आपली खाडी."

"आणि 'आज सकाळी'?"

"मी सकाळी बघितला ना."

बाईंनी कपाळावर हात मारला. मग म्हणाल्या, "सुजीत, स्वातीने नुसता व्हिडिओच पाठवला होता का रे? जरा वर-खाली बघ."

पलीकडे प्रवाशाशी हिंदीत काहीतरी बोलणं झालं, मग शोधाशोध. "हां बाई, त्याच्याखाली वेगळा मेसेज आहे. 'हे आपलंच हाय का? कुणाला ठावं हाय?'" सुजीतने तो वाचून दाखवला. "मी फक्त व्हिडिओ पुढे ढकलला, बाई. हा खालचा तिथंच राहिला."

स्वाती म्हणजे दीपिकाची आई. मैनाबाईंची सून.

घरी येईपर्यंत बाईंच्या डोक्यात तेवढंच होतं. मैनाबाईंना कळलं, की हे त्यांच्याच घरातून निघालं, तर स्वातीची धडगत नव्हती. मैनाबाई गावासमोर कोणाचीही भीड ठेवत नसत, सुनेची तर नाहीच. पण नीलेशना सगळं सांगता सांगता बाई मध्येच थांबल्या. "अहो, सुजीत म्हणाला कोळीवाड्यातून आलं. गुरुजी म्हणाले सुजीतने पाठवलं. मी म्हटलं गुरुजींनी पाठवलं. आख्ख्या रांगेत विचारलं फक्त स्वातीनेच!"

दुसऱ्या दिवशी त्या कोळीवाड्यात गेल्या. मैनाबाई अंगणात बोंबील वाळत घालायच्या वलांडीखाली बसल्या होत्या. न खपलेला मासा सुकवायला टाकला होता. स्वाती दारात उभी राहिली; बाईंना बघून तिचा चेहरा उतरला.

बाईंनी आधी फोन पुढे केला. "शिव्या नंतर द्या. हा मासा ओळखा."

मैनाबाईंनी नाखुशीने बघितलं. दोन सेकंद पुरले. "ह्यो आमच्यात येतच नाय. हे कुठलं हाय?" त्यांनी फोन हातात घेतला, लांब धरला. "अन् ही बोट कुनाची? ही काय आपली बोट हाय? हे ज्यानं बघितलं त्याला डोळे नाय काय?"

"बघितलं सगळ्यांनी. विचारलं एकटीने." बाईंनी सुजीतकडून मागवून घेतलेला तो खालचा मेसेज दाखवला आणि शब्द न शब्द वाचला. "हे स्वातीने लिहिलं होतं. पुढच्या माणसांनी तेवढंच गाळलं. मीसुद्धा त्यांच्यातलीच."

मैनाबाईंनी सुनेकडे बघितलं. "तुज्याकडनं गेलं?"

"मला माहेरच्या ग्रुपवर आलं. मी इचारलं फक्त, आये," स्वाती पुटपुटली.

"मला का नाय इचारलंस?"

"तुमी बाजारात व्हत्या. अन् घरी आल्यावर फोनचं नाव काढलं की वरडता."

 मैनाबाईंनी वलांडीवरचा एक बोंबील उगाच काढून पुन्हा घातला. मग बाईंकडे वळल्या. "ठीक हाय. आता ग्रुपवर लिवा, मासा चांगला हाय म्हनून."

"ते नाही लिहिणार."

"का?"

"व्हिडिओ इथला नाही, तीन वर्षं जुना आहे, मी न विचारता पाठवला, चूक माझी. एवढं मला माहीत आहे, एवढं लिहिते. खाडीच्या पाण्याचं मला काही माहीत नाही. त्याचे अहवाल कुठे मिळतात, ते मुलांना घेऊन शोधणार आहे. चांगलं निघेल की वाईट, सांगता येत नाही."

 मैनाबाईंनी हात पदराला पुसले.

"पानी खराब येतं कधी कधी," त्या म्हणाल्या. "ते आमालाबी ठावं हाय. म्हनून तर आमची बोट खाडीत जाळं टाकत नाय, दूर जाते." मग एकदम: "पन तुमचं हे लिवलेलं, तो व्हिडिओ गेला तसं जाईल काय?"

"नाही जाणार," बाईंनी खरं सांगितलं.

"मग तुमी चला. उद्या बाजारात. माज्या बाजूला बसा. जो इचारंल त्याला तोंडानं सांगा."

बुधवारी शाळा सकाळची होती. दुपारी शालूबाई कोळणींच्या ओट्यावर उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसल्या. साडी वर खोचलेली, मांडीवर फोन. शेजारी गुरुजींना रिक्षातून आणून बसवलं होतं सुजीतने. तो स्वतः खांबाला टेकून उभा होता, कोणी विचारलं की आधी बोट स्वतःकडे दाखवत होता. ठकीला तर हसू आवरेना. "पयली बेल झाली गं! पोरींनो, गप बसा, तास सुरू झाला."

गिऱ्हाईक बिचकत आलं. कोणी व्हिडिओबद्दल विचारलं की बाई दोन्ही चित्रं दाखवायच्या. निळं पिंप, पोचा, तारीख. लोक पुढे वाकून बघायचे. एक गृहस्थ सगळं बघून म्हणाले, "म्हणजे मासा चांगला आहे म्हणायचा ना, बाई?"

"व्हिडिओ इथला नाही, एवढं मी सांगते. माशाचं यांना विचारा."

मैनाबाईंनी सुरमईचा कल्ला उघडून धरला. "बघा, लाल हाय. आज पहाटं उतरला. माज्या धाकट्याची बोट. ती खाडीत जात नाय. पटत नसंल तर बंदरावर जावा अन् इचारा, मी हितंच बसली हाय."

त्यांनी घेतला. सगळ्यांनी नाही घेतला. काही जण चित्रं बघूनही मान हलवत निघून गेले. संध्याकाळी पाटीत चौथा हिस्सा उरला होता. मैनाबाई म्हणाल्या, रविवारपेक्षा बरं.

पुढच्या रविवारी दहाच्या सुमाराला फाटकाशी हाक आली. बाई ताट घेऊन धावत गेल्या. मैनाबाईंनी पाटी उतरवली होती, पण फडकं काढलं नव्हतं. त्या पायरीवर बसून फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरून बघत होत्या.

"बाई, हितं या. स्वातीनं दाखवलं. सातपाटीला एवढा घोळ मासा मिळाला म्हनतात, मानसापेक्षा मोठा. मला पटत नाय."

"का पटत नाही?"

"धरलाय कसा बघा ना. एवढा जड मासा दोघं जनं असा हसत हसत उचलतील काय?"

बाई शेजारी टेकल्या. "बोटीचा नंबर दिसतोय का?"

"तेच बघते हाय केवापासनं," मैनाबाई म्हणाल्या. "तुमचा चष्मा आना."